कितीपैकी किती

शिष्यवृत्तीच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. हा हिशोब बारक्याच्या डोक्यात एवढा बसलाय की गणित सोडवताना त्याचा एक डोळा वहीवर आणि एक मोबाईलच्या टायमरवर असतो. बारक्या म्हणजे माझा भाचा, आठवीला. त्याची बहीण दहावीला, तिला सगळं घर ताईच म्हणतं. मी कृषी खात्यात, नोकरी शेजारच्या तालुक्यात, आणि सोयाबीन काढणीच्या दिवसात शनिवार-रविवार माहेरी येते. औसा तालुक्यातलं आमचं गाव, किल्लारीपासून फार लांब नाही. जेवणं झाली की ओसरीवर दोघं दप्तर घेऊन बसतात, मधे मी, बाजूला आई शेंगा फोडत, आणि आत वहिनीचं आवरणं चालू.

त्या रात्री ताईला संभाव्यतेचा धडा होता. दोन नाणी एकाच वेळी फेकली तर दोन्हींवर छापा येण्याची संभाव्यता किती. ताई वहीत नमुना अवकाश, म्हणजे काय काय होऊ शकतं त्याची यादी, लिहीपर्यंत बारक्यानं तिच्या खांद्यावरून वाकून उत्तर देऊन टाकलं.

"१/३. तीनच गोष्टी होतेत की आत्या. दोन्ही छापे, दोन्ही काटे, नाहीतर एक-एक. तिनातली एक."

आणि टायमर बंद. अकरा सेकंद.

मी लगेच चूक म्हणाले नाही, कारण हेच उत्तर, याच कारणानं, मी स्वतः ॲग्रीला असताना सांख्यिकीच्या पेपरात लिहिलं होतं. लाल फुली आली. विचारायला गेले तर सूत्रात टाका, उत्तर येतं, एवढंच ऐकायला मिळालं. अहो पण सूत्र पाठ होतं की मला. वर किती आणि खाली किती. खाली तीन लिहायचे का चार, हे सूत्र कुठं सांगतंय? ते तीन मी कितीतरी दिवस डोक्यात तसेच घेऊन फिरले. पुढं खूप नंतर वाचनात आलं की द'अलंबेर नावाच्या फ्रान्समधल्या मोठ्या गणितज्ञानं १७५४ साली विश्वकोशात याच जातीची चूक केलेली होती. दोन फेकीत निदान एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता २/३ असं त्याचं म्हणणं, खरी येते ३/४. त्यानंही होणाऱ्या तीन गोष्टी मोजल्या आणि तिन्ही सारख्याच वजनाच्या धरल्या. ते वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, कारण ही चूक ढ पोराची नाही, विचार करणाऱ्या माणसाची आहे, आणि लेकराला ती लाल फुलीनं कळत नसते.

मग मी मोबाईल उशीखाली ठेवला आणि नाणी आणायला लावली, एक पाचाचं पिवळं आणि एक दोनाचं पांढरं. हे मुद्दाम, दोन्ही एकसारखी घेतली असती तर पुढचं दिसलंच नसतं. सिंहाची बाजू छापा, आकड्याची काटा असं ठरलं, बारक्या फेकणार आणि ताई ताळ्याच्या खुणा करणार, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. नाणी घरंगळून उंबऱ्यापर्यंत जायला लागली तेव्हा आईनं सूप पुढं सरकवलं, ह्यात टाका म्हणाली.

पहिल्या दहा फेकीत दोन छापे चारदा, दोन काटे तीनदा, एक-एक तीनदा. बारक्या एकदम खूश. दहावर थांबलो असतो तर त्याचंच खरं ठरलं असतं. गावात बियाण्याच्या जातीबद्दल जे ऐकायला मिळतं, अमक्याच्या वावरात लई भारी आलं, तमक्याचं वाया गेलं, ते सगळं दहा फेकींच्या आतलंच असतं आणि त्याच्यावर लोक पुढच्या वर्षीच्या बॅगा घेतात. म्हणून मी म्हणले चालू दे, शंभर करायचेत. पन्नासच्या आसपास ताईच्या एक-एकच्या रकान्यात रेघांचे गठ्ठे दिसायला लागले, बारक्याचं फेकणं हळू झालं, तो दर वेळी वाकून बघायला लागला. शंभर झाले तेव्हा दोन छापे २७, दोन काटे २२ आणि एक-एक ५१.

"एक-एकच इतकं का यायलंय?"

मी काहीच बोलले नाही. ताईनं मात्र एक काम फार सुंदर केलं होतं, एक-एकच्या रकान्यात तिनं आपल्या मनानं मधे रेघ मारून दोन भाग केले होते, पिवळ्यावर छापा ते एकीकडं आणि पांढऱ्यावर छापा ते दुसरीकडं. २७ आणि २४. बारक्यानं ते बघितलं, पिवळं नाणं उचललं, पालथं केलं, परत सरळ केलं, मग पांढरं उचललं, आणि म्हणाला, "म्हणजे चार घरं हायती. मी दोन घरांना एकच कुलूप लावलतो." मला एवढ्या वर्षांत याच्याहून चांगलं कुणी सांगितलं नव्हतं.

नमुना अवकाश हा शब्द मला आवडत नाही, खरं सांगते. शब्द बरोबर आहे, पण पोरं त्याला घाबरतात आणि आतलं सोपं काम करायचं राहून जातं. काम एवढंच आहे की जे जे होऊ शकतं त्या सगळ्याची यादी करायची, एकही न सोडता, एकही दोनदा न लिहिता, आणि मग बघायचं की यादीतली प्रत्येक ओळ सारख्याच वजनाची आहे का. सांख्यिकीचे स्तंभालेख सहावी-सातवीपासून चालू होतात, पण स्टेट बोर्डाच्या पोराला संभाव्यता थेट दहावीच्या पुस्तकात भेटते, तेव्हा बोर्डाची धास्ती डोक्यावर, यादी करत बसायला वेळ कुणाला. हे फेकणं, मोजणं, रेघा मारणं सहावीच्याच पोराच्या हातात पाहिजे, त्याला याद्या करायला आवडतं. आणि इथं लातूर जवळ, लातूर पॅटर्नचं नाव घराघरात, त्यामुळं सराव म्हणजे पेपरावर पेपर सोडवायचे असंच पोरांना वाटतं. पेपर सोडवावेत, त्यानं हात बसतो, मी नाही म्हणत नाही. पण हात बसायच्या आधी एक-दोन गणितांशी रात्रभर बसावं लागतं, तिथं घड्याळ लावून भागत नाही.

तसं गणित मी दुसऱ्या रात्री ताईला दिलं. सतराव्या शतकाच्या सुरवातीला गॅलिलिओला विचारला गेलेला प्रश्न आहे तो. तीन फासे टाकायचे. बेरीज ९ यायचे प्रकार सहा, १० यायचेही प्रकार सहाच, मग खेळणाऱ्यांच्या अनुभवाला १० जास्त वेळा येते ती का? ताईनं आधी सहा-सहा प्रकार लिहून काढले. नऊसाठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. दहासाठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. सारखेच की, म्हणाली. मग बराच वेळ गप्प. बारक्या पलीकडून म्हणाला, "फाशांना रंग दे." नाण्यांची गोष्ट त्याच्या हाताला लागलेली होती ना. मग लाल, हिरवा, पिवळा धरून तिनं परत मांडणी केली. तिन्ही आकडे वेगळे असले तर सहा तऱ्हांनी पडतात, दोन सारखे असले तर तीन तऱ्हांनी, आणि ३-३-३ एकाच तऱ्हेनं. नऊच्या झाल्या २५, दहाच्या २७, एकूण २१६ पैकी. दोनाचा फरक सगळा त्या ३-३-३ नं पाडलेला. ती वही मी फोटो काढून ठेवलीय, खाडाखोडीसकट.

आता हे सगळं मला का एवढं लागून राहिलंय, तर माझी नोकरी. पीक विम्याचा हंगाम आला की आम्हाला पीक कापणी प्रयोग करावे लागतात, म्हणजे काही शेतांत थोडं कापून उत्पादन मोजायचं, त्यावर भरपाई ठरते. गावातले कोणते सर्व्हे नंबर घ्यायचे ते आम्ही मनानं ठरवत नाही, यादृच्छिक आकड्यांवरून ठरतं. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं आणि मिळालेल्या दोन आकड्यांपैकी एकाएवढी पावलं लांबीत, दुसऱ्याएवढी रुंदीत चालत जायचं, जिथं थांबाल तिथं खुंटी. मग टेप, सुतळी, सोयाबीनला १० बाय ५ मीटरची चौकट, आतलं सगळं कापून, बडवून, वजन. दर वर्षी कुणीतरी हात जोडतंय, मॅडम तिकडं नका जाऊ, तिथं बांधाकडंला ओल धरून हाय, पीक चांगलं दिसतंय, इकडं मधी टाका चौकट, इकडं बघा काय झालंय. त्या माणसाचं वाळलेलं सोयाबीन माझ्या डोळ्यासमोर असतं आणि तरी मला आकड्यानं सांगितलेल्या जागीच खुंटी ठोकावी लागते, कारण एकदा का मी जागा निवडली की ती माझी निवड झाली, शेताची गोष्ट राहिली नाही. पण खुंटी ठोकताना हात जड होतो, दर वर्षी होतो.

ही पद्धत बसवणाऱ्यात दोन नावं मोठी आहेत, कोलकात्याला १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढणारे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११. दोघांचा वाद झाला होता तो चौकटीच्या मापावरूनच. महालनोबिसांची चौकट लहान, सुखात्म्यांचं म्हणणं की लहान चौकट घेतली की उत्पादन जास्त दिसतं, कारण रेघेवरचं रोप माणूस नकळत आत धरतो. बारक्याला मी विचारलं, हे आकड्यात दाखव. त्यानं १० बाय ५ ची परिमिती काढली ३० मीटर, क्षेत्रफळ ५०, म्हणजे एका चौरस मीटरला ०.६ मीटर काठ. आणि १ बाय १ ची परिमिती ४, क्षेत्रफळ १, म्हणजे एका चौरस मीटरला ४ मीटर काठ. परिमिती आणि क्षेत्रफळ त्यानं शेकडो वेळा काढलंय, पण कुणाच्या तरी नुकसानभरपाईसाठी पहिल्यांदाच काढलं.

मग एकामागून एक गणितं आमच्या वावरातूनच निघायला लागली. ५० चौरस मीटरात ५ किलो निघालं तर हेक्टरी किती? हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, दोनशे चौकटी, म्हणजे १,००० किलो, १० क्विंटल, एकरी साधारण ४. ह्या वर्षी पाच भावकीतल्यांचा एकरी उतारा घ्या, ३, ४, ४, ५ आणि ज्याच्या विहिरीला पाणी टिकलं त्याचा १४. सरासरी ६. आणि सहापर्यंत पाचातले चौघं पोचलेच नाहीत. ताई म्हणाली मध्यक, म्हणजे ओळीनं लावल्यावर मधला आकडा, घेतला तर ४ येतो, आणि बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा, तोही ४. नववीला हे तिनं केलेलं, तेव्हा तीन सूत्रं म्हणून केलेलं. बहुलक कशाला लागतो असं बारक्यानं विचारलं तेव्हा मी पेपरातला मोंढ्याचा भाव दाखवला, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. तो सर्वसाधारण म्हणजे बहुलकाच्याच वाटेवरचा आकडा आहे, जास्तीत जास्त माल ज्या भावानं गेला तो. भाऊ गेली कित्येक वर्षं कमाल भाव वाचून ट्रॅक्टर भरतो आणि सर्वसाधारण भाव घेऊन येतो. तो आतून ऐकत होता, बाहेर येऊन बसला.

विम्याचं गणित मात्र मी दोघांना मिळून घातलं, आकडे बनवलेले, रीत खरी. सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन क्विंटलमधे १२, ६, १०, ४, ११, ९, १३. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई बसते ते, काढताना सातातली चांगली पाच वर्षं घेतात. वाईट दोन, म्हणजे ४ आणि ६, गळाली. राहिली त्यांची बेरीज ५५, सरासरी ११. जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीचा किती टक्के भाग विम्यात धरायचा ते, ७० टक्के धरला तर उंबरठा ७.७. ह्या वर्षी मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांच्या महसुली गटाचं, सरासरी उत्पादन ५.५ आलं. घट २.२, भागिले ७.७, म्हणजे बरोबर २/७. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५६,००० धरली तर भरपाई १६,०००. भावानं विचारलं, आणि मंडळाचं ८ आलं आन माझं तीनच झालं तर? बारक्यानं मान खाली घालून हिशोब केला, मग वर बघून म्हणाला, "काहीच नाही बसत, पप्पा." सरासरी मंडळाची असते. भाऊ बराच वेळ त्या वहीकडं बघत बसला. तो पीक विम्याचा अर्ज दर वर्षी भरतो, त्याला हे कुणी मांडून दाखवलं नव्हतं, मीसुद्धा नाही. त्याचं मला वाईट वाटलं.

कदाचित त्यामुळंच असेल, तो उठून आतून आबांची वही घेऊन आला.

आबा म्हणजे आमचे वडील. १९८९ ते २०१४, सव्वीस पावसाळे त्यांनी त्या लांबड्या वहीत लिहिले, वर्षाला एक पान, पानावर मृगापासून नक्षत्रं ओळीनं आणि पुढं दोन शब्द. भुरभुर. कोरडं. झड, तीन दिवस. ओढा आला. आणि जिथं पाऊस मनासारखा झाला तिथं एकच शब्द, पेरणीजोगा. आबांना मिलिमीटर माहीत नव्हते. आता आम्ही ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणून गावोगाव सांगत फिरतो आणि तरी आभाळ भरून आलं की लोकांना दम निघत नाही, पेरतात, मग खंड पडतो आणि दुबार पेरणी. आबा तसे घाई करणारे नव्हते, ते चार बोटं माती उकरून बघायचे.

बारक्याला म्हणले, ह्याच्यातून सांग, आपल्या वावरात मृगाला पेरणीजोगा पाऊस होण्याची संभाव्यता किती. इथं यादी करून भागत नाही, कारण नाण्यासारखी सारख्या वजनाची घरं आभाळाला नसतात, इथं झालेलंच मोजावं लागतं. तो पानं उलटत गेला, ताई रेघा मारत गेली. दोन गठ्ठे पुरे झाले, दहा. "२६ पैकी १०," बारक्या म्हणाला, "५/१३."

ताई म्हणाली थांब, १९९४ चं पान बघ.

१९९४ चं पान कोरं होतं. वर साल लिहिलेलं, नक्षत्रांची नावंही आबांच्या अक्षरात ओळीनं लिहिलेली, पुढं काही नाही. त्याच्या आधीचं पान बारक्यानं परत उलटून बघितलं. १९९३. मृग, आर्द्रा, सगळं भरलेलं, उत्तरापर्यंत. हस्ताच्या पुढं एकच शब्द, लागला. त्यानंतर ३० सप्टेंबरची पहाट आली. माझं वय तेव्हा अकरा. पुढचा पावसाळा आम्ही पत्र्याच्या शेडात काढला, पत्र्यावर पाऊस वाजायचा तो आवाज मला आठवतोय, पण तो मृगाचा होता का आर्द्राचा, ते मला नाही सांगता येत.

"लिहलं नाही म्हणजे नसंलच झाला," बारक्या म्हणाला. "कोरडं धरू."

मी म्हणले, कोरडं असतं तर आबांनी कोरडं लिहिलं असतं. बाकीच्या पानांवर बघ किती वेळा लिहिलंय.

तो विचार करत राहिला. मग आईकडं वळला. "आज्जी, भूकंपाच्या पुढच्या साली मिरगाला पाऊस झालता का?"

आईचे हात सुपात तसेच थांबले. "त्या साली आभाळाकडं कुणी बघितलं रे लेकरा," ती म्हणाली, आणि परत शेंगा फोडायला लागली.

बारक्यानं २६ खोडून २५ लिहिलं. १०/२५, मग २/५. मग आपल्या तक्त्यात १९९४ च्या घरात शून्य काढायला गेलेला हात त्यानं थांबवला आणि तिथं एक बारीक आडवी रेघ मारली.